अँडामूका मॅट्रिक्स ओपल : साखर-आम्लाची प्रक्रिया नीट कशी करावी?

गारगोटी_ॲडलेड

नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियातल्या अँडामूकाचं साधारण 400 ग्रॅम कच्चं मॅट्रिक्स (सच्छिद्र दगडाच्या छिद्रांत ओपल भरलेला माल) हाताशी आहे. कोरडं असताना फिकट राखाडी, काही तुकडे मळकट पांढरे. पाण्यात बुडवलं की लाल-हिरवे ठिपके उठून दिसतात, वाळलं की पुन्हा काही नाही. साखरेच्या पाण्यात मुरवून मग सल्फ्युरिक ॲसिडमध्ये टाकलं की दगड काळा होतो आणि रंग कायमचे वर येतात, एवढं माहीत आहे. पण वाचलेली प्रत्येक कृती वेगळी. कुणी दोन दिवस सांगतं, कुणी दोन आठवडे. कुणी बॅटरीचं पाणी चालेल म्हणतं, कुणी अजिबात नाही.

साधनं अशी आहेत : सहा इंची डायमंड चाकांचं कॅबिंग मशीन, म्हणजे खडे घासून घडवायचं यंत्र (चाकांची ग्रिट 80 ते 3000; आकडा मोठा तितकं घासणं बारीक), स्लो कुकर, 0.01 ग्रॅमचा काटा, काचेचा थर्मामीटर.

विचारायचं हे की सगळे तुकडे प्रक्रियेला योग्य असतात का? पाकाचं प्रमाण आणि दिवस किती? आम्ल कोणतं, किती तापवायचं आणि नंतर धुवायचं कसं? शिवाय या ओपलचा आणि या प्रक्रियेचा इतिहास कुणी सांगितला तर आवडेल. तयार खडे पुण्यातल्या एका सोनारांकडे जाणार आहेत, तेव्हा बिलावर काय लिहायचं हेही सांगा.

सहाण

दोन्ही मतं का ऐकायला मिळतात ते आधी सांगतो. दिवस घड्याळावर ठरत नाहीत, दगडावर ठरतात. बहुतेक लोक आम्लाची काळजी करतात आणि साखरेची घाई करतात. काळेपणा खरा ठरतो तो साखर किती खोल गेली त्यावर. आम्ल फक्त आत असलेल्या साखरेचा कोळसा करतं. आत साखरच नसेल तर आम्ल करणार काय?

म्हणून पहिलं काम निवड. तुकडे घासणाचं पाणी-चिखल जाईपर्यंत धुवा, ओव्हनमध्ये 60 अंशांपासून सुरू करून हळूहळू 100 पर्यंत न्या आणि दिवसभर ठेवा. गार झाल्यावर एकेक तुकडा काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. मग रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी फडक्याने पुसून पुन्हा वजन. ज्याचं वजन जवळपास वाढलंच नाही तो तुकडा भरीव आहे, त्यात साखर शिरणार नाही. तो बाजूला ठेवा. त्यात रंग चांगला असेल तर प्रक्रिया न करता तसाच कापा. झटपट चाचणी हवी असेल तर कोरड्या पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब सोडा. काही सेकंदांत शोषला गेला तर चांगला, मण्यासारखा वर बसून राहिला तर नाही. पण थेंब फक्त त्या एका जागेचं सांगतो. वजन अख्ख्या दगडाचं सांगतं.

दुसरी चाचणी कोपऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाची. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे. असा दगड सल्फ्युरिकमध्ये टाकू नका. कॅल्शियम कार्बोनेटचं कॅल्शियम सल्फेट होतं, वायू सुटतो, छिद्रांच्या आत दाब येतो. दगड कडेने भुसभुशीत होतो किंवा दुभंगतो, आणि वाचला तरी पुढे महिनोन्‌महिने पांढरी भुकटी वर येत राहते.

आता घडण. कॅबोशॉन (घुमटाकार, गुळगुळीत खडा) आधी जवळजवळ पूर्ण करून घ्यायचा, 600 पर्यंत, अगदी एकही ओरखडा न ठेवता. कारण काळेपणा वरच्या थरापुरताच असतो. सच्छिद्र दगडात तो दोनेक मिलिमीटर जाईल, घट्ट दगडात मिलिमीटरच्याही आत थांबेल. प्रक्रियेनंतर 80 किंवा 220 च्या चाकाला लावलात तर खालचा पांढरा दगड उघडा पडलाच. मागची बाजू आणि कडेचा बेझलचा (खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या कडीसाठीचा) उतारसुद्धा आधीच करून ठेवा, ते लोक विसरतात.

डॉप काडीवर (घासताना खडा धरायच्या काडीवर) लावायला लाख वापरली असेल तर तिचा अंश राहू देऊ नका. लाख, सुपरग्लू, हाताचं तेल, यातलं काहीही छिद्रात बसलं की तिथे साखर जात नाही आणि शेवटी नेमका तिथे राखाडी डाग दिसतो. ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा, मग गरम पाणी आणि भांडी धुण्याचं साबण, मग साधं पाणी, मग पुन्हा ओव्हनमध्ये वाळवणं.

पाक : 1 लिटर पाण्याला 500 ग्रॅम साधी पांढरी साखर. एकतारी पाकाच्या जवळपासही जाऊ देऊ नका. दाट पाक छिद्रांत शिरत नाही, वरच बसतो. कोरडा आणि किंचित कोमट दगड तितक्याच कोमट पाकात सोडायचा, मग स्लो कुकर चालू करायचा. 80 ते 85 अंश. उकळी नको. उकळीने दगड एकमेकांवर आपटतात आणि पाणी भराभर उडतं. रोज सकाळ-संध्याकाळ उडालेल्या पाण्याइतकं गरम पाणी घालून पातळी पहिल्या खुणेवर आणा. नळाचं गार पाणी ओतलं तर तडा जातो. कुकर बंद करून पाक गार ठेवणं टाळा. दोन-चार दिवसांत आंबतो, बुरशी धरते.

तिसऱ्या दिवसापासून रोज एक ठरावीक खडा काढून, ओल्या फडक्याने पुसून वजन करा. वजन लागोपाठ दोन दिवस वाढलं नाही की समजायचं मुरला. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या सच्छिद्र खड्याला चार-पाच दिवस पुरतात. घट्ट खड्याला आठवडा, कधी त्याहून जास्त.

पाषाणभेद

सहाण यांनी साखरेचा भाग इतका नीट सांगितला आहे की मी इतिहास घेतो.

अँडामूका ॲडलेडच्या उत्तरेला साधारण 600 किलोमीटरवर, टॉरेन्स सरोवराच्या पश्चिमेला आहे. रॉक्सबी डाउन्स जवळच. तिथलं ओपल 1930 मध्ये सापडलं. अँडामूका स्टेशन या मोठ्या चराऊ रानावर काम करणाऱ्या सॅम ब्रूक्स आणि रॉय शेफर्ड यांचं नाव शोधाशी जोडलं जातं. तोवर ऑस्ट्रेलियात ओपलचा धंदा चांगला रुळला होता. व्हाइट क्लिफ्स 1890 च्या सुमारास सुरू झालं, लाइटनिंग रिजचं काळं ओपल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आलं, कूबर पीडीचा शोध 1915 चा. अँडामूका त्यामानाने उशिराचं. पाण्याची टंचाई आणि लाकडाचाही दुष्काळ, त्यामुळे सुरुवातीच्या खाणकामगारांनी टेकाडाच्या पोटात अर्धी खोदलेली, पुढून दगड-पत्र्याची घरं बांधली. त्यातली काही आजही जपून ठेवली आहेत.

या क्षेत्राची पहिली कीर्ती मॅट्रिक्समुळे नाही, स्फटिकासारख्या पारदर्शक ओपलमुळे झाली. 1954 मध्ये राणी एलिझाबेथ दुसऱ्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आल्या तेव्हा साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारने त्यांना दिलेलं दोनशे कॅरटांच्या वरचं ओपल अँडामूकाचंच. ते हारात जडवलेलं आहे आणि 'अँडामूका ओपल' याच नावाने ओळखलं जातं.

मॅट्रिक्स ही त्याच जमिनीतली दुसरी गोष्ट. तिथे ओपल प्रामुख्याने गोटे-खडे असलेल्या एका पट्ट्यात मिळतं, खाणकामगार त्याला नुसतं 'बँड' म्हणतात. सिलिका विरघळलेलं पाणी झिरपताना भेगा भरल्या तिथे शुद्ध ओपलच्या शिरा झाल्या. जिथे गाळाच्या सच्छिद्र दगडात ते मुरलं तिथे कणाकणांच्या मधल्या जागेत ओपल भरलं, तेच मॅट्रिक्स. ऑस्ट्रेलियन वर्गीकरणात नैसर्गिक ओपलचे तीन प्रकार मानतात : पहिला एकसंध ओपल, दुसरा यजमान दगडाला चिकटलेलं बोल्डर ओपल, आणि तिसरा दगडाच्या छिद्रांत पसरलेलं मॅट्रिक्स. तुमच्या हातातला माल तिसऱ्या प्रकारचा.

रंग असूनही दिसत का नाही? ओपलचा रंग हा रंगद्रव्याचा नाही. साधारण 150 ते 350 नॅनोमीटर व्यासाचे सिलिकाचे गोळे रांगेने रचलेले असतात आणि त्यांच्यातून प्रकाशाचं विवर्तन होतं, म्हणजे प्रकाश वेगवेगळ्या रंगांत फुटतो. लहान गोळे असतील तर निळा-जांभळा, मोठे असतील तर लालही. ही रचना 1964 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत जोन्स, सँडर्स आणि सेग्निट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. मॅट्रिक्समध्ये ही रांग आहे, पण आजूबाजूचे पांढरे कण आणि रिकामी छिद्रं येईल तो प्रकाश सैरावैरा विखुरतात. त्या पांढऱ्या झगमगाटात विवर्तनाचा रंग बुडतो. पाणी घातलं की छिद्रं भरतात, विखुरणं कमी होतं, म्हणून ओला दगड रंगीत. कोळसा घातला की विखुरलेला प्रकाश शोषला जातो, उरतो तो फक्त ओपलचा रंग. म्हणजे प्रक्रिया रंग *घालत* नाही, आधीचा उघडा करते. हे गिऱ्हाइकाला सांगताना फार उपयोगी पडतं, आणि ते खरंही आहे.

युक्ती मात्र ओपलपेक्षा कितीतरी जुनी. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने खडे सात दिवस-रात्र मधात उकळण्याचा उल्लेख केला आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनच्या कारागिरांनी अकीकाला मध किंवा साखरेत मुरवून सल्फ्युरिक ॲसिडने काळं करण्याचा मोठा उद्योग उभा केला. आपल्याकडच्या दुकानांत जो काळा ओनिक्स मिळतो तो बहुतेक याच पद्धतीने झालेला असतो. अँडामूकात तीच पद्धत ओपलला लागू केली, आणि ज्या फिकट दगडाला किंमत नव्हती तो कापण्याजोगा ठरला.

गारगोटी_ॲडलेड

दोघांचेही मनापासून आभार. थेंबाची आणि वजनाची चाचणी आज लावली. 23 तुकड्यांपैकी सात भरीव निघाले, दोनवर बुडबुडे आले. उरलेल्यांची घडण सुरू करते. आता आम्लाचा भाग कुणीतरी सविस्तर सांगा. आणि बॅटरीचं आम्ल?

कोळसेवाला

बॅटरीचं नको. बॅटरीत सल्फ्युरिक ॲसिड वजनाने 35 टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी पाणी. साखरेतून पाणी ओढून काढण्याची ताकद संहत आम्लात असते, 95 ते 98 टक्क्यांच्या. साखरेचा रेणू म्हणजे 12 कार्बन आणि 11 पाणी असा हिशोब; आम्ल ते 11 पाणी ओढून घेतं, कार्बन राहतो. 35 टक्क्यांचं आम्ल स्वतःच पाण्याने भरलेलं, ते कुठून ओढणार? दगड तपकिरी होऊन थांबतो. बॅटरीचं आम्ल आटवून दाट करा असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. ते घरी कधीही करू नका. त्या तापमानाला निघणारी वाफ फुप्फुसं जाळते आणि उडालेला थेंब कातडीवर पाण्यासारखा ओघळत नाही, चिकटून जाळत राहतो.

आम्लात टाकण्याआधीची एक पायरी वर आली नाही. पाकातून काढलेला खडा गरम ओल्या फडक्याने पुसा, वर साखरेचा थर अजिबात राहता कामा नये. नाहीतर आम्लात गेल्यावर बाहेरच काळा फेस फुगतो, आम्ल घाण होतं आणि ते कोळशाचं पाणी बाकी खड्यांवर बसतं. पुसल्यावर 60 अंशांवर एक दिवस वाळवायचं. आतलं पाणी उडून साखर मागे राहायला हवी. ओला खडा संहत आम्लात टाकला की आतल्या पाण्याशी आम्लाचा संयोग होऊन एकदम उष्णता सुटते, आणि तडे गेलेल्या खड्यांतले निम्मे इथेच गेलेले असतात.

भांडं बोरोसिलिकेट काचेचं, जाड बुडाचं. ॲल्युमिनियम नाही, जस्ताचा मुलामा असलेली बादली नाही, साधा काचेचा पेला नाही. ते भांडं वाळू भरलेल्या स्टीलच्या ट्रेमध्ये अर्धं पुरून ठेवा आणि ट्रे विजेच्या शेगडीवर. वाळूमुळे उष्णता सावकाश चढते, आणि भांडं फुटलंच तर आम्ल ट्रेमध्ये राहतं. खडे काचेच्या कांडीने किंवा टेफ्लॉनच्या चिमट्याने एकेक सोडा, एकावर एक रचू नका. आम्ल खड्यांच्या वर बोटभर असावं. वर घड्याळकाच (काचेची उथळ वाटोळी बशी) नुसती ठेवा, हवाबंद झाकण नको.

पहिले 24 तास काहीही तापवायचं नाही. खोलीच्या तापमानालाच रंग राखाडी, मग गडद होताना दिसेल. दुसऱ्या दिवशी शेगडी अगदी मंद, तासाला 15-20 अंशांनी चढेल अशी. 100 ते 110 अंशांवर तीन-चार तास. आम्ल स्वतः काळपट होईल, तिखट वास येईल. तो सल्फर डायऑक्साइडचा, म्हणून हे काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करायचं. मग शेगडी बंद आणि हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळूतच गार होऊ द्या. गरम खडा बाहेर काढून बघण्याचा मोह आवरा, गेला म्हणून समजा.

संरक्षण : पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, आतून गॉगल, रबरी एप्रन, लांब बाह्यांचे ब्यूटाइल किंवा निओप्रीन हातमोजे. दवाखान्यात वापरतात ते पातळ नायट्राइलचे मोजे 98 टक्के आम्लापुढे टिकत नाहीत. शेजारी चालू नळाचा पाइप आणि खाण्याच्या सोड्याची बादली. अंगावर उडालं तर कपडा लगेच काढा आणि वाहत्या भरपूर पाण्याखाली वीस मिनिटं धरा, त्याच वेळी कुणाला तरी दवाखान्याला फोन करायला सांगा. सोडा जमिनीवर सांडलेल्या आम्लासाठी, कातडीसाठी नाही. एकट्याने करू नका.

सहाण

कोळसेवाला यांच्याशी सहमत, एक भर धुण्याबद्दल. खडे आम्लातून काढून काचेच्या जाळीवर पाच-दहा मिनिटं निथळू द्या. नंतर 10 लिटर गार पाण्याच्या प्लास्टिकच्या टबात. थोड्या पाण्यात टाकले तर तेच पाणी तापतं आणि खड्याला धक्का बसतो. भरपूर पाणी उष्णता गिळून टाकतं. *आम्लाच्या भांड्यात पाणी ओतायचं नाही*, हे शंभरदा सांगितलं तरी कमी. दिवसातून दोनदा पाणी बदलत तीन-चार दिवस, त्यानंतरच सोडा. पहिल्याच दिवशी सोड्याच्या पाण्यात टाकले तर छिद्रांच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पातळ कडा उडतात. सोड्याचं पाणी लिटरला चमचाभर, दोन दिवस, मग पुन्हा साधं पाणी.

खडा पूर्ण धुतला गेला हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तो डिस्टिल्ड पाण्याच्या लहान बाटलीत रात्रभर ठेवा आणि सकाळी त्या पाण्यात पीएच पट्टी बुडवा. पट्टी आम्लाची खूण दाखवत असेल तर पुन्हा धुणं. ही चाचणी चांदीत जडवायच्या खड्यासाठी टाळू नका. आत राहिलेलं आम्ल घामाच्या ओलाव्याने बाहेर येतं, बेझल आतून काळवंडतो आणि सोनाराला वाटतं चांदीच वाईट.

वापरलेलं आम्ल नाल्यात ओतू नका. 1 लिटर 98 टक्के आम्ल शमवायला सुमारे 3 किलो सोडा लागतो, त्यामुळे वाटीभर सोड्याने काम झालं असं मानू नका. अर्धा लिटर आम्ल असेल तर ते 10 लिटर पाण्यात अगदी बारीक धारेने, ढवळत, उघड्यावर ओता. गार होऊ द्या, मग सोडा थोडा थोडा, फेस थांबेपर्यंत. किंवा बाटलीवर नाव लिहून घातक कचऱ्याच्या संकलन केंद्रावर द्या. ॲडलेडमध्ये हाच मार्ग सोपा.

ठाणेकर_जेम्स

भारतातून हेच करू पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आम्लाच्या किरकोळ विक्रीवर कडक नियम आहेत : परवानाधारक दुकान, ओळखपत्र, खरेदीचं कारण, नोंदवही. प्रयोगशाळा-रसायनं विकणाऱ्याकडून रीतसर बिलाने घ्या. आणि हे काम पावसाळ्यात करू नका. संहत सल्फ्युरिक हवेतला ओलावा ओढून घेतं. मुंबई-कोकणच्या जुलैमध्ये उघडं राहिलेलं भांडं दिवसागणिक पातळ होतं, पातळी चढलेली डोळ्यांना दिसते. तिसऱ्या-चौथ्या खेपेचे खडे तपकिरी निघू लागले की दोष बहुधा याचाच.

बिलाबद्दल. पुण्याच्या सोनारांना 'ट्रीटेड अँडामूका मॅट्रिक्स ओपल' असंच लिहून द्या, आणि 'साखर-आम्ल प्रक्रिया' हेही. नुसतं 'ब्लॅक ओपल' लिहिलंत तर ती फसवणूक आहे. काळं ओपल ही पदवी नैसर्गिक काळसर अंगाच्या खड्याला, अंगछटेच्या एन1 (सगळ्यात काळी) ते एन4 या पायऱ्यांना. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. आपल्याकडे ओपल शुक्राचा खडा म्हणून अंगठीत घालणारे पुष्कळ आहेत, ते सहसा 'प्रक्रिया न केलेला' अशी अट घालतात. त्यांना हा खडा देताना तोंडी नव्हे, लेखी सांगितलेलं बरं.

बाजारात काळं म्हणून आणखी एक माल फिरतो. इथिओपियातल्या वोलो भागातल्या वेगेल तेना इथलं ओपल 2008 पासून येतं आणि त्यातलं भरपूर जयपूरला कापलं जातं. तेही सच्छिद्र आहे, त्यामुळे धुरात तापवून किंवा रंग मुरवून काळं करतात. ओळख करताना गोंधळ होतो, म्हणून दहापट भिंगाखाली काय दिसतं ते लक्षात ठेवा. अँडामूकाच्या प्रक्रिया केलेल्या खड्यात रंगाचे ठिपके बारीक, तुटक, आणि त्यांच्या मधोमध कार्बनचे काळे कण दाटलेले दिसतात. पार्श्वभूमी दाणेदार असते. इथिओपियाच्या खड्यात रंगाचे पट्टे मोठे आणि खोलवर जाणारे, काळेपणा भेगा-खड्ड्यांजवळ जास्त गडद. लाइटनिंग रिजच्या नैसर्गिक काळ्यात मागे राखाडी-काळा 'पॉच' (रंग न खेळणारं ओपल) आणि वर रंगाचा सलग थर. बाजूने पाहिलं की थरांची रेघ दिसते.

गारगोटी_ॲडलेड

पहिली खेप झाली, सात खडे. पाच छान काळे, लाल-हिरवे ठिपके कोरडे असतानाही स्पष्ट. एकावर कडेला तांदळाएवढा राखाडी डाग आहे. एक सगळाच गडद तपकिरी, काळा नाही. आता पॉलिश कसं करू? आणि हे दोन वाचतील का?

कोळसेवाला

दोन्ही वाचतील. तपकिरी खड्यात कार्बन होण्याची क्रिया अर्धवट राहिली. बाकी पाच त्याच आम्लात काळे झाले आहेत, म्हणजे आम्लाचा दोष नाही. हा खडा इतरांपेक्षा घट्ट किंवा जाड असणार. पूर्ण धुऊन, वाळवून पुन्हा पाकात घाला, या वेळी वजन स्थिर होईपर्यंत, मग नव्या आम्लात 110 अंशांवर वेळ दीडपट. घाईने तापमान वाढवून वेळ वाचवू नका.

डागाचा खडा आधी ॲसिटोनमध्ये. डाग कडेला आहे म्हणजे तिथे डॉपची लाख किंवा गोंद राहिला असण्याची शक्यता जास्त. दोन दिवस ॲसिटोन बदलत ठेवा, वाळवा, डागावर पाण्याचा थेंब सोडा. शोषला तर पुन्हा प्रक्रिया करा. नाहीच शोषला तर ती जागा मुळातच भरीव आहे. तेवढी कड बेझलखाली जाईल असा खडा बसवायला सांगा.

सहाण

पॉलिश : 1200 वर अगदी हलक्या हाताने, फक्त प्रक्रियेची मरगळ काढण्यापुरतं. चाक भरपूर ओलं, दाब जवळजवळ नाही. दर दोन-तीन फेऱ्यांनी पुसून, भिंगातून बघत चला. कुठेही राखाडी झाक दिसू लागली की तिथेच थांबा. मग 3000, आणि शेवट फेल्टवर (नमद्याच्या चाकावर) डायमंड पेस्ट, 14000 मग 50000.

सिरियम ऑक्साइड शुद्ध ओपलला उत्तम, इथे टाळा. मॅट्रिक्सच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे असतात, फिकट भुकटी त्यात जाऊन बसते आणि काळ्या खड्यावर पांढुरके ठिपके उमटतात. मग ते अल्ट्रासॉनिकनेही (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्रानेही) धड निघत नाहीत. दगडाचे दाणे ओपलपेक्षा कठीण असतील तर ओपल खाली झिजून पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. तसं दिसलं तर कडक फेल्टऐवजी पातळ चामडं, वेग अर्धा. काही जण चकाकीसाठी वरून रेझिन मुरवतात. चालतं, पण मग ती दुसरी प्रक्रिया झाली आणि तीही बिलावर यायला हवी.

सोनारांना सोबत चिठ्ठी द्या : डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) सगळं काम आधी, खडा शेवटी. ज्योत खड्याजवळ नको, खडा बसवल्यावर दागिना पिकलच्या (धातू साफ करायच्या) आम्लात नको, वाफेने किंवा अल्ट्रासॉनिकमध्ये साफ करणं नको. वापरणाऱ्याला एवढंच सांगायचं की कोमट पाणी आणि साबण. कार्बन उन्हाने उडत नाही, पाण्याने धुतला जात नाही, त्यामुळे काळेपणाची चिंता नाही. ओपलची कठिणता मात्र 5.5 ते 6.5 च्या दरम्यान. धुळीतल्या क्वार्ट्झची 7. अंगठीपेक्षा पदकात हे खडे जास्त टिकतील, अंगठी करायचीच असेल तर बेझलची कड खड्याच्या माथ्याजवळ येईल इतकी उंच ठेवायला सांगा.

गारगोटी_ॲडलेड

समजलं. दोन्ही खडे ॲसिटोनमध्ये घातले आहेत. पाच खड्यांची पीएच चाचणी उद्या सकाळी बघते, मगच 1200 ला लावते. पाचांपैकी चार पदकासाठी ठेवणार, आणि बिलावर दोन्ही ओळी लिहिणार.